श्रीलंकेच्या गावात जोडलेली माणसं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला विषय दिला आहे, ‘परदेशातील बौद्धांशी आपले संबंध’. विषय मोठा आणि आम्ही गिरणीतली माणसं. शिक्षण नववीपर्यंत. पुढचं जे काही झालं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात आणि चळवळीत झालं. तेव्हा विद्वानासारखं बोलणं आम्हाला जमणार नाही. २०१६ च्या जानेवारीत आपल्या विहारातले आम्ही चौघं जण श्रीलंकेतल्या एका गावात रस्त्याच्या श्रमदानाला सोळा दिवस गेलो होतो, त्याचीच हकिगत सांगतो. त्यात आमची एक चूकही आहे. ती आजवर इथं कुणापुढं बोललो नाही, ती आज सांगणार आहोत.

परदेशी बौद्धांशी संबंध म्हटलं की आपल्याकडं पहिला विचार मूर्तीचा येतो. थायलंडहून मूर्ती आणायची, जपानहून कुणी पाहुणा आला तर हार घालायचा, फोटो काढायचा, फोटो विहारात लावायचा. आम्हीही हेच केलंय, मूर्तीच्या मिरवणुकीत आम्हीही नाचलोय. पण मूर्ती देणाऱ्याचं गाव कोणतं, त्याच्या घरी भात शिजतो का नाही, हे आपल्याला माहीत नसतं आणि त्यालाही आपलं माहीत नसतं. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचं ते वर्ष होतं. आपल्या विहारात तेव्हा वर्षावासाला आलेले एक भन्ते श्रीलंकेत शिकलेले होते. ते म्हणाले, “तुम्ही मागायला जाऊ नका, कामाला जा.” त्यांनीच पत्रं लिहून सोय लावली.

चौघं म्हणजे एक माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणारे गुरुजी, एक अंगणवाडी सेविका ताई, एक तरुण गवंडी आणि सूतगिरणीच्या त्रासन खात्यातला प्रस्तुत वक्ता. तिकिटाला आम्ही कामगार पतपेढीतून कर्ज काढलं. पतपेढीच्या सेक्रेटरीनं विचारलं, “कशासाठी?” म्हटलं, “सिलोनला माती उचलायला.” तो म्हणाला, “माती इथं काय कमी आहे का?” त्याचं उत्तर तेव्हा आम्हाला देता आलं नाही. शेवटी त्या प्रश्नावर पुन्हा येऊ.

ज्या पद्धतीनं तिथलं काम चालतं तिची थोडी माहिती द्यावी लागेल. १९५८ साली कोलंबोच्या नालंदा कॉलेज या बौद्ध शाळेतले एक शिक्षक, ए. टी. आर्यरत्ने, आपले विद्यार्थी आणि सहकारी शिक्षक घेऊन कनतोलुव नावाच्या खेड्यात राहायला गेले. ती वस्ती रोडी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या लोकांची. बुद्धाचं नाव घेणाऱ्या त्या देशात रोडी लोकांनी भीक मागून जगायचं, वस्ती वेगळी, आणि जुन्या काळी तर बायांनासुद्धा कमरेच्या वर वस्त्र घ्यायची बंदी. शहरातली, बऱ्या घरची मुलं तिथं राहिली, त्यांच्यात जेवली, त्यांच्याबरोबर खणायला लागली. त्यातून जी चळवळ वाढली ती सर्वोदय श्रमदान चळवळ. पुढं हजारो गावांत ती गेली. आर्यरत्नेंना १९६९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९६ साली भारत सरकारचा गांधी शांतता पुरस्कार मिळाला. १६ एप्रिल २०२४ ला ते वारले, तेव्हा याच सभागृहात आपण दोन मिनिटं उभे राहिलो होतो.

सर्वोदय हा शब्द ऐकला की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठी पडते. पडणारच. १९३२ चा पुणे करार आपल्या घराघरात माहीत आहे. आम्हीही जाताना मनात ती आठी घेऊनच गेलो. आर्यरत्ने विनोबांना भेटले होते, शब्द त्यांनी इथूनच नेला. पण आत जे भरलं ते धम्मातलं. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चार माणसानं स्वतःत आणायचे, आणि दान, प्रियवचन, अर्थचर्या, समानता हे चार गावात आणायचे, अशी त्यांची मांडणी. आपण हे शब्द परित्राण पाठाच्या वेळी ऐकतो. तिथं ते फावड्याला बांधलेले पाहिले. त्याच पद्धतीनं चालणारं एक लहान काम मातर शहराच्या बाजूला, समुद्रापासून आत एका गावात होतं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या लोकांनी आम्हाला घरातल्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्या छापून चव्हाट्यावर आणायच्या नाहीत.

काम असं. मोठ्या सडकेपासून गावाच्या पन्सलेपर्यंत, म्हणजे विहारापर्यंत, दीड किलोमीटर कच्चा रस्ता भरून घ्यायचा. सकाळी सहाला त्रिशरण-पंचशील. त्या लोकांच्या तोंडून आपलीच पाली ऐकली तेव्हा अंगणवाडीच्या ताई रडायलाच लागल्या. मग कोरा चहा. त्याबरोबर गुळाचा खडा हातावर देतात, खडा चावायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. आमची आजी असाच प्यायची. मग माती. आपल्या फावड्यापेक्षा लांब दांड्याचं, कुदळीसारखं उचलून मारायचं एक हत्यार असतं, त्याला उदॅल्ल म्हणतात. आमच्या गवंडी पोरानं ते एका दिवसात आत्मसात केलं. आमची मात्र पाठ धरली. मग आम्हाला घमेल्यांच्या रांगेत उभं केलं. हातातून हातात घमेलं जातं, भरलेलं पुढं, रिकामं मागं. त्या रांगेत पन्सलेचे तरुण भिक्खूही चीवर खोचून उभे असत.

भाषा येत नव्हती. गुरुजींचं इंग्रजी, आणि गावच्या शाळेतल्या एक तरुण शिक्षिका होत्या, त्यांचं इंग्रजी. मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं सिंहली, आणि परत तसंच. पण हळूहळू लक्षात आलं की शब्द आपल्या जवळचे आहेत. भाताला ‘बत’ म्हणतात. गावाला ‘गम’. मिरचीला ‘मिरिस’. पन्सल म्हणजे पर्णशाळा. मामाला मामाच. शिबिरात नियम असा की कुणाला साहेब, सर म्हणायचं नाही, नात्यानं हाक मारायची. म्हाताऱ्या बाईला अम्मा, मोठ्या बहिणीला अक्का, मोठ्या भावाला अय्या, धाकट्या भावाला मल्ली. पोरं आम्हाला ‘मामा’ म्हणत, मोठी माणसं ‘अय्या’. इथल्या पोरी लाजून जे म्हणतात ते तिथले बाप्ये आम्हाला म्हणायचे. आणि धाकट्या बहिणीला काय म्हणतात? ‘नंगी’. आता सांगा, आम्ही त्या शिक्षिकाबाईंना हाक कशी मारावी? चार दिवस आम्ही ‘ओ टीचर’ म्हणून वेळ मारून नेली. शेवटी त्यांनीच रुसून विचारलं, की सगळ्यांना नात्यानं बोलावता, मग मलाच परकी का धरता? गुरुजींनी घाम पुसत कारण सांगितलं. ती बाई इतकी हसली की घमेल्यांची रांग थांबली. त्या दिवसापासून खरी ओळख झाली. आम्ही तिला मराठीत ‘ताई’ म्हणायचं ठरलं.

आमच्या अंगणवाडीच्या ताईंची मैत्री सगळ्यांत आधी जमली, आणि तीही एका काडेपेटीवर. तिथल्या बालवाडीत प्रत्येक पोर घरून काडेपेटीभर तांदूळ आणतं. गरिबातलं गरीब पोरही आणतं, कारण काडेपेटी सगळ्यांची सारखीच. त्या तांदळाची पाला घालून पेज शिजते, तिला कोळ-केंद म्हणतात, ती सगळे पितात. ताईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःची काडेपेटी भरून नेली आणि पोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या. झालं. त्यानंतर त्यांना दुभाषा लागला नाही.

आता आमची चूक सांगतो.

रोज संध्याकाळी सगळं शिबिर जमिनीवर गोल बसायचं. त्याला ‘पवुल हमुव’ म्हणतात, म्हणजे कुटुंबाची भेट. दिवसभरात काय झालं, उद्या काय करायचं, कुणाचं काय दुखतंय, सगळं तिथं बोलायचं. आमच्या एक लक्षात आलं होतं. कालव्यापलीकडं नारळीत एक वीस-बावीस घरांची वस्ती होती. तिथली माणसं सकाळी कामाला येत, मातीच्या रांगेत अगदी शेवटी उभी राहत, आणि जेवायच्या वेळेला आपल्या वस्तीत निघून जात. संध्याकाळी गोलात बसत, पण कडेला. आणि आमचा रस्ता तर कालव्याच्या अलीकडंच संपणार होता.

आपल्याला हे ओळखायला काय पंचांग लागत नाही. डोळ्यांना सवय आहे. आमचं डोकं तापलं. आम्ही मनात श्रीलंका म्हणजे बुद्धाची भूमी धरून गेलो होतो. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेला खुद्द बाबासाहेब ज्या देशात गेले तो हा देश, आणि इथंही तेच? पाचव्या दिवशी भर सभेत आम्ही उभे राहिलो आणि विचारलं, “कालव्यापलीकडं राहणारे ते लोक कुठल्या जातीचे?”

गुरुजींनी इंग्रजीत सांगितलं. शिक्षिका गप्प. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. ती खाली बघत बसली. तिनं सिंहलीत केलंच नाही. पण सभेत दोघा-तिघांना इंग्रजी कळत होतं, आणि कडेला बसलेला एक शाळकरी पोरगाही त्यात होता. तो उठला आणि निघून गेला. त्याच्यामागं त्या वस्तीतली माणसं एक-एक करून उठली.

रात्री शिक्षिका आली आणि म्हणाली, “अय्या, या गोलात आम्ही कुणी कुणाला जात विचारत नाही. लोकांना माहीत आहे, पण तोंडानं कुणी विचारत नाही. एवढ्याच एका जागेत ती माणसं निर्धास्त बसत होती. तुम्ही ती जागा काढून घेतली.” आम्ही म्हणालो, आमचा हेतू चांगला होता. ती म्हणाली, “विचारणाऱ्या सगळ्यांचा काही ना काही हेतू असतोच.” मग तिनंच आम्हाला तिथला इतिहास सांगितला. १७५३ साली सयामहून आलेल्या उपाली थेरांनी तिथं पुन्हा उपसंपदा सुरू केली, आणि पुढं काही वर्षांतच त्या सयाम निकायात फक्त गोयिगम, म्हणजे शेतकरी वरच्या जातीच्याच माणसाला भिक्खू करायचं असं ठरलं. मग सालागम जातीचे लोक समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, १८०० च्या सुमारास तिथं उपसंपदा घेऊन आले, आणि त्यांचा अमरपूर निकाय झाला. म्हणजे भांडण तिथंही जुनं आहे आणि भांडणारेही जुने आहेत. तुम्ही पहिलेच आलात असं समजू नका, असं ती बोलली नाही, पण आम्हाला ते ऐकू आलं.

त्या रात्री झोप लागली नाही. जो प्रश्न लहानपणी पाणवठ्यावर, पुढं भाड्याची खोली शोधताना आम्हाला टोचला, तोच प्रश्न आम्ही परमुलखात जाऊन दुसऱ्याला चारचौघांत विचारला.

सकाळी आम्ही रांगेत न जाता कालव्यावरून पलीकडं गेलो. कालव्यावर दोन नारळाची खोडं आडवी टाकलेली, तोच पूल. पाऊस लागला की त्यावरून पोरांना शाळेत पाठवत नाहीत, हे नंतर कळलं. पलीकडं बाया काथ्या वळत होत्या. एकीनं चाक फिरवायचं, दुसरीनं कमरेला काथ्याचा भारा बांधून उलट पावली चालत पीळ सोडत जायचं. कुणी आमच्याशी बोलेना. आम्ही उकिडवे बसून राहिलो. आता त्रासन खात्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला फिरतं चाक आणि तुटणारं सूत बघून गप्प बसवत नाही. एका म्हाताऱ्या अम्माचा पीळ तुटला. आम्ही पुढं झालो, दोन्ही टोकं उकलली, नवा काथ्या मध्ये घातला आणि गाठ न मारता पिळात सांधा धरला. गिरणीत हेच करायचं असतं, गाठ मारली की पुढं विणताना नडते. आमची बोटं कापसाची. काथ्यानं अंगठा सोलून निघाला. अम्मानं सांधा ओढून पाहिला. तुटला नाही. तिनं काहीतरी म्हटलं आणि बाकीच्या हसल्या. दुभाषा नव्हता, त्यामुळं ती काय बोलली ते आजही माहीत नाही. पण तिनं भारा आमच्या कमरेला बांधला.

तीन दिवस आम्ही सकाळी तासभर काथ्या वळायचो आणि मग मातीला जायचो. तिसऱ्या दिवशी त्या शाळकरी पोरानं आम्हाला ‘मामा’ म्हणून हाक मारली. त्या संध्याकाळी वस्तीतली माणसं पुन्हा गोलात येऊन बसली. मग आम्ही उभे राहिलो. आधी माफी मागितली. आणि त्यांना कुणाला काही न विचारता आमचं सांगितलं.

आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. साचे खात्यात, म्हणजे विणायच्या खात्यात, पगार जास्त. पण तिथं अस्पृश्याला घेत नसत. कारण धोट्यातली कांडी संपली की नवी घालून धाग्याचं टोक तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागे. आमच्या माणसानं तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा कसा तोंड लावणार? कापड सगळ्यांनी घालायचं, पण धोटा बाटतो. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला, की मालकाशी भांडता, मग हे काय? आजोबा निवृत्त झाले ते त्रासन खात्यातूनच. वडीलही तिथंच लागले. १९८२ च्या संपानंतर ते मुंबई सोडून गावी आले आणि आम्ही इथल्या सूतगिरणीत. एवढं आम्ही सांगितलं. हे सांगताना ओठ धोट्याला लावून धागा कसा ओढतात ते हातानं करून दाखवलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी काही बोललंही नाही. सभा नेहमीसारखी तीन वेळा ‘साधू’ म्हणून संपली. मात्र निघताना अम्मानं आमचा अंगठा हातात घेऊन पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बांधायला कसला तरी पाला वाटून आणला.

रस्ता पलीकडं नेण्यात खरी अडचण पाइपाची नव्हती, हे आमच्या गवंड्यानं आधीच ओळखलं होतं. कालव्याकडेच्या एका भातशेतीची चार हात पट्टी लागत होती आणि मालक देत नव्हता. आमच्या परतीच्या दोन दिवस आधी त्याचा मुलगा आला आणि त्यानं स्वतः खुंट्या आत सरकवून ठोकल्या. आमच्या भाषणामुळं हे झालं असं आम्ही म्हणणार नाही. पन्सलेचे वृद्ध भन्ते त्या घरी दोनदा जाऊन आले होते, शिक्षिकेनं तर तिथं वर्षभर खेटे घातले होते. आमच्या गवंड्यानं मोरीचा पाया आखून दिला, एका बाजूची बांधणी केली, आणि तिथल्या दोन पोरांना ओळंबा धरायला शिकवून आला. जूनमध्ये फोटो आला. मोरी पुरी झाली होती, वर पोरं बसली होती.

नंतरचं थोडक्यात. फोन येत-जात राहिले. २०२० च्या टाळेबंदीत आमची गिरणी बंद पडली, तेव्हा बाहेरगावाहून पहिला फोन कुणाचा आला असेल तर तो त्यांचा. “भात आहे का घरात?” एवढंच विचारलं. नातेवाइकांचे नंतर आले. २०२२ साली त्यांच्या देशात डिझेल मिळेना, गॅस मिळेना, आदल्या वर्षीच्या खतबंदीनं पीक बसलेलं. तेव्हा आपण इथं डबा फिरवला, तुमच्यातल्या पुष्कळांनी त्यात टाकलं आहे. पैसे नको म्हणाले. बालवाडीच्या पेजेला तांदूळ तेवढे घेतले, आणि किती काडेपेट्या झाल्या त्याचा हिशोब कळवला.

आता एक राहिलं. २०१९ च्या ऑक्टोबरात ती शिक्षिका नागपूरला दीक्षाभूमीवर आली आणि तिथून चार दिवस आपल्याकडं राहिली. आपण बॅनर लावला होता, आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर उभी होती. विहाराच्या मागं नाल्यापलीकडं जी पालं आहेत, भटक्या लोकांची, पंधरा-वीस वर्षं झाली ती तिथं आहेत. तिनं बोट दाखवलं. आम्हाला वाटलं आता विचारणार. तिनं जात विचारली नाही. तिनं विचारलं, “अय्या, ती पोरं इकडं येताना नाला कुठून ओलांडतात?”

आम्हाला माहीत नव्हतं. गुरुजींना माहीत नव्हतं. समितीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती पोरं इकडं येतच नव्हती.

मध्ये टाळेबंदी आली, मग नगरपालिकेत अर्ज झाले, अर्जावर अर्ज झाले. पाइप मागच्या महिन्यात आले, ते विहाराच्या भिंतीलगत पडले आहेत, ज्यांना वाटलं गटारीचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. आमचा गवंडी आता ठेकेदार झाला आहे, पण आखणी फुकट करून देतो म्हणाला. पालांतल्या दोघा-तिघांशी आम्ही बोललो आहोत. ते येतील का, आणि आले तर आपल्याबरोबर इथं बसून जेवतील का, ते अजून सांगता येत नाही. आपल्या बाजूनं किती येतील तेही सांगता येत नाही. येत्या रविवारी सकाळी सातला सुरुवात आहे. घमेली बारा आहेत, अजून दहा तरी लागतील. ज्यांच्या घरी असतील त्यांनी नाव लिहून आणावीत, म्हणजे परत करताना घोळ होणार नाही. चहा आमच्याकडं. कोरा असेल, गूळ आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.